खिडकीपाशी आवाज चांगला लागतो

सोमवार, १२ जून

आज माझी शिकार झाली. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्राचार्या, स्वतः खुर्ची पुढे सरकवून "बसा ना सर" म्हणतात तेव्हा पळ काढायचा असतो. मी बसलो. त्यांनी चहा मागवला, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मानसशास्त्राच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आहेत, बदली शिक्षक मिळत नाही, आणि मोकळे तास फक्त माझ्याकडे आहेत. "सर, अकरावीचं मानसशास्त्र तुम्ही घ्या."

मी म्हटलं, "बाई, मी भूमितीचा माणूस. मन कुणी पाहिलंय?"

"मग बिंदू तरी कुणी पाहिलाय?" त्या म्हणाल्या. याला उत्तर सुचेपर्यंत मी जिना उतरून खाली आलो होतो.

यापेक्षा वाईट गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली. ऑगस्टअखेर विषयनिवडीचा दिवस असतो. दहावीची मुलं पालकांना घेऊन येतात, हॉलमध्ये प्रत्येक विषयाचं टेबल मांडतात, आणि पुढच्या वर्षी कुठला विषय हवा त्या टेबलावर मुलं नाव देतात. मागच्या खेपेला मानसशास्त्राच्या टेबलावर माशा बसल्या होत्या. यंदाही तेच झालं तर संस्था विषय बंद करणार. बाई कायम नाहीत, त्यामुळे विषय गेला की त्यांची नोकरीही गेली. बाळ कडेवर घेऊन बिचारी कुठे कुठे अर्ज करत फिरणार! नको असलेलं लोढणं आलं गळ्यात.

मुलं त्यांना मानसबाई म्हणतात. मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. काटकोन. नाव वाईट नाही, निदान अचूक तरी आहे.

बुधवार, १४ जून

पहिला तास. सवयीप्रमाणे वर्गाकडे पाठ करून फळा आखला. भूमितीत चेहऱ्याचं काही काम नसतं. पक्ष : एक माणूस आहे. साध्य : त्याला भावना असतात. सिद्धता... इथे खडू थांबला.

पहिल्या बाकावर एक मुलगी आहे, प्रत्येक वाक्याला हरकत घेते. सगळे तिला वकीलीणबाई म्हणतात. ती उभी राहिली. "सर, सिद्ध नाही झालं तर त्या माणसाने काय करायचं?"

वर्ग फिदीफिदी हसला. मी म्हटलं, "खाली बस." शेवटच्या बाकावरच्या एकाने तेवढ्यात एवढी मोठी जांभई दिली की त्याच्या दाढा तपासता आल्या असत्या. त्याचं नाव मी तिथल्या तिथे जांभई ठेवलं. बाकीचा तास मी फळ्याशी बोललो. फळा निदान ऐकतो.

मंगळवार, २० जून

मानसबाईंचा फोन. मुलगी झाली. आवाज दमलेला, पण खुशीत होत्या. मी अभिनंदन केलं आणि पुढे काय बोलायचं ते सुचेना, म्हणून वजन विचारलं. बाळाचं.

"विषय चाललाय ना सर?" त्यांनी विचारलं. नोकरीचा शब्दही काढला नाही. मी म्हटलं, "उत्तम चाललाय." मग फोन ठेवून स्वतःवरच चिडलो. उत्तम कसला, डोंबल! मुलं माझ्या तासाला झोपतात. अशाने ऑगस्टमध्ये नाव कोण देणार?

सोमवार, ३ जुलै

आता मात्र धडा बरा लागला आहे. शिकणं कसं घडतं, यावर. कुत्र्याला खाणं देताना दरवेळी घंटा वाजवली तर पुढे नुसत्या घंटेनेही त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. याला अभिसंधान म्हणतात. मला यात नवल वाटलं नाही. मधल्या सुट्टीची घंटा झाली की इतकी वर्षं माझंही तेच होतंय.

दुसरा प्रकार जास्त कामाचा. एखाद्या वागण्याला लगेच बक्षीस मिळालं की ते वागणं वाढतं. त्या बक्षिसाच्या परिणामाला प्रबलन म्हणतात. बक्षीस म्हणजे खाऊच हवा असं नाही, मान डोलावली, हसून बघितलं तरी पुरतं. समोरच्याला पत्ताही लागत नाही.

प्रयोग घरीच करायचं ठरवलं. ही वर्तमानपत्राच्या घड्या विस्कटून टाकते. आज तिने चुकून नीट घडी घातली. मी लगेच म्हणालो, "वा! सुरेख!"

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "अहो, बरं वाटतंय ना?"

शुक्रवार, ७ जुलै

वर्गात घरचा प्रयोग सांगितला. कपाळाला हात लावला तिथे सगळे खो खो हसले. मी फळ्यापाशीच उभा होतो. मी इतका गमतीदार आहे हे मला माहीत नव्हतं. फक्त ती वकीलीणबाई हसण्याऐवजी शेजारणीला चिमटे काढत होती. मत्सर, दुसरं काय!

एक गोष्ट लक्षात आली. पुस्तक उजेडात धरायला म्हणून मी सहज खिडकीपाशी गेलो, तर वर्ग एकदम ताजातवाना. माना डोलतायत, पेनं चालतायत. परत फळ्याकडे आलो तर पुन्हा मरगळ, आणि मागून जांभई. खिडकीपाशी हवा खेळती आहे, माझा आवाजही तिथे चांगला लागतो. वर्गाच्या रचनेचा शिकवण्यावर होणारा परिणाम कुणीतरी अभ्यासायला हवा.

बुधवार, १९ जुलै

आता मी बहुतेक सबंध तास खिडकीपाशीच घेतो. खडू डबीत पडून असतो. पाठ वळवायला कारणच उरलं नाही, त्यामुळे मुलांचे चेहरे दिसतात. एकीला डाव्या गालावर खळी पडते, एकजण लिहिताना जीभ बाहेर काढतो. इतकी वर्षं मी काय पाहत होतो कोण जाणे.

आजचा मुद्दा होता, माणूस यशाचं श्रेय स्वतःला देतो आणि अपयशाचं खापर परिस्थितीवर फोडतो. मुलांना हे फार छान समजलं, कारण मी फार छान समजावलं. दोघांना अजिबात कळलं नाही, पण त्याला उकाडा कारणीभूत आहे.

घरची प्रगती : वर्तमानपत्र अजून विस्कटलेलंच असतं. ही सुधारणाऱ्यातली नाही. मी मात्र हल्ली संध्याकाळी कांदा चिरायला घेतो. सहज एकदा चिरला तर ही म्हणाली, "इतका एकसारखा कांदा मी जन्मात पाहिला नाही." मला स्वतःलाच तो छंद लागला आहे. काल टोमॅटोही चिरले. त्याचंही तिने कौतुक केलं. कौतुक करावं असेच होते ते.

शुक्रवार, ४ ऑगस्ट

आज प्रयोगाच्या नीतिनियमांचा धडा. माणसावर प्रयोग करायचा तर आधी त्याची संमती घ्यायची. काही आधी सांगता येण्यासारखं नसेल तर प्रयोग संपल्याबरोबर सगळं खरं सांगायचं, आणि तो म्हणाला "माझी माहिती वापरू नका", तर निमूटपणे ती बाजूला ठेवायची.

वकीलीणबाई उठली. नेहमीचा तोरा नव्हता. "सर, न विचारताच प्रयोग केला तर? वाईट हेतू नसला तरी?"

मी कडाडलो, "तर तो प्रयोग नाही, फसवणूक!" असा आवाज लागला म्हणता! खिडकीपाशी होतो. काही मुलांचे चेहरे पडले. धडा मनाला भिडला असणार.

बुधवार, ९ ऑगस्ट

काय बिनसलंय समजत नाही. खिडकीपाशी उभा होतो, सगळं नेहमीसारखं सांगितलं, पण एक मान डोलेल तर शपथ. मुलं नुसती बघतात. अपराधी असल्यासारखी.

गुरुवार, १० ऑगस्ट

खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली. आवाज चढवला. काही उपयोग नाही.

गुरुवार, १७ ऑगस्ट

विषयनिवडीला आठवडा उरला आणि वर्ग हातातून निसटतोय. दाखवायला काहीएक तयार नाही. मोठ्या बाई दोनदा विचारून गेल्या. दोन्ही वेळा मी भूमितीच्या पेपरांमागे लपलो.

आज उजळणी घेतली. बक्षीस बंद झालं की शिकलेलं वागणं हळूहळू नाहीसं होतं, याला विलोपन म्हणतात. गंमत अशी, की नाहीसं होण्याआधी ते वागणं थोडा काळ उलट फार वाढतं. बिचारा प्राणी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, जास्त जोर लावून करत राहतो. हे समजावताना मी खिडकीच्या कट्ट्यावरच चढून बसलो, म्हणजे मुलांना नीट दिसावं. बाहेरून शिपाई ओरडला, "सर, पडाल! उतरा आधी!"

मला वाटलं होतं, निदान यावर तरी हसतील. जांभईने तोंडावर वही धरली होती. वकीलीणबाईच्या डोळ्यांत पाणी होतं. धडा इतका करुण आहे असं मला वाटलं नव्हतं.

शुक्रवार, १८ ऑगस्ट

जेवायला न बसता आधी हे लिहायला घेतलंय.

तास संपल्यावर वकीलीणबाई आणि जांभई थांबले. ती म्हणाली, "सर, आम्हाला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. रागवा, पण पूर्ण ऐका." आणि सांगितलं. जुलैपासून सगळा वर्ग माझ्यावर प्रयोग करत होता. मी फळ्याकडे वळलो की माना खाली घालायच्या, जांभईने जांभई द्यायची. खिडकीकडे सरकलो की मान वर, डोलावणं, लिहिण्याचं नाटक. प्रबलन! माझाच धडा, माझ्याच पुस्तकातून, माझ्यावरच!

"माझी जांभई आधी खरी होती सर," तो म्हणाला. "नंतर ड्युटी लागली."

नीतीचा धडा झाला त्या दिवशी त्यांनी ठरवून सगळं थांबवलं. पण सांगायचं धाडस होईना. मी कट्ट्यावर चढलो तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. आणि आता त्यांना हाच प्रयोग विषयनिवडीच्या दिवशी सर्वांसमोर मांडायचा आहे. "तुमची परवानगी असेल तरच," वकीलीणबाई म्हणाली. "नसेल तर आम्ही कुणापाशी बोलणार नाही. पण सर, आमच्याकडे दुसरं काहीच नाहीये. आणि मानसबाईंचं..."

मी पुढचं ऐकलं नाही. "गाढव बनवलंत मला," एवढंच म्हणून निघून आलो. पायऱ्या कशा उतरलो आठवत नाही.

प्रयोगातला उंदीर झालो याचं मला इतकं वाईट वाटत नाही. पण मला वाटलं होतं की मुलांना मी आवडायला लागलोय. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं होतं. रोज सकाळी मी त्या तासासाठी जरा लवकरच निघत होतो. तेही खोटं निघालं, हे सोसवत नाही.

रविवार, २० ऑगस्ट

दोन दिवस घशाखाली घास उतरला नाही. शेवटी हिने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "आता बोला. नाहीतर मीच शाळेत जाऊन विचारते."

सांगितलं सगळं. ती आधी पदर तोंडाला लावून इतकी हसली की मी उठून जायला निघालो. तिने हात धरून बसवलं.

"अहो, पण त्यांनी ठरवलं काय काय होतं? सगळंच?"

"म्हणजे?"

"मान डोलावायचं ठरवलेलं होतं, बरं. कपाळाला हात लावल्याचं ऐकून हसली, तेही ठरवलेलं होतं का? तुम्ही घरी येऊन ते हसणंच मला दहादा ऐकवलंत. डोलणाऱ्या मानांचं कौतुक मी तुमच्या तोंडून फारसं ऐकलं नाही."

ते मी विचारलंच नव्हतं. भूमितीच्या मुलाने अर्धी आकृती बघून उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला शून्य दिलं असतं.

"विचारा मग उद्या," ती म्हणाली.

मग माझ्या मनात एकदम एक शंका आली. "अगं, आणि ते कांद्याचं?"

"कांद्याचं ठरवलेलं होतं," ती म्हणाली आणि उठून गेली.

सोमवार, २१ ऑगस्ट

वर्गात गेलो. सगळे ताठ बसलेले, शिक्षा ऐकायला आल्यासारखे. मी बसलो नाही, फळ्याकडे गेलो नाही, खिडकीकडे तर मुळीच नाही. दारातच उभा राहून विचारलं, "तुमच्या प्रयोगात हसायचं कधी होतं?"

ती दोघं एकमेकांकडे बघायला लागली. "हसायचं?" वकीलीणबाई गोंधळली. "सर, हसणं नव्हतंच प्रयोगात."

"नव्हतं?"

जांभईला कंठ फुटला. "उलट हसण्यानेच सगळा घोटाळा व्हायचा सर! तुम्ही फळ्यापाशी उभे राहून घरचं काहीतरी सांगायचात. तिथे आम्ही मान खाली घालायची, असं ठरलेलं. पण हसू यायचंच. मग ही चिमटे काढायची. हिच्या शेजारणीचा दंड काळानिळा झाला होता."

"कारण निष्कर्ष बिघडत होते!" ती म्हणाली, आणि रडवेली झाली. "आम्ही चिडायचो तुमच्यावर. म्हणायचो, सर थोडे कमी गमतीदार असते तर प्रयोग नीट झाला असता."

मी पाठ वळवली आणि फळा पुसायला घेतला. फळा कोराच होता. तरी बराच वेळ पुसला. मागे कुणी जांभई दिली नाही.

मग म्हणालो, "परवानगी आहे. पण प्रयोगातला उंदीर मी स्वतः करणार. दुसरा कुणी माझी नक्कल केलेली मला चालणार नाही."

यावर जो ओरडा झाला, त्याने शेजारच्या वर्गातले हिशेबाचे सर धावत आले.

शनिवार, २६ ऑगस्ट

हॉल भरलेला. हिशेबाच्या टेबलापुढे नेहमीची रांग, आमच्या टेबलापुढे एक आजोबा, तेही पत्ता चुकलेले. मोठ्या बाई माझ्याकडे बघून बारीक हसल्या. ते हसू मला आवडलं नाही. मानसबाईंचं सगळं आता या तासाभरावर होतं.

मुलांनी एक फळा आणला, एक खोटी खिडकी उभी केली. वकीलीणबाईने सांगितलं, "हे आमचे सर. आम्ही यांच्यावर न विचारता प्रयोग केला. ती आमची चूक होती, ती आम्ही यांच्याच धड्यातून शिकलो. आज त्यांच्या परवानगीने सगळं दाखवतो." मी फळ्याकडे तोंड करून शिकवू लागलो, मुलांनी माना टाकल्या, जांभईने जबडा उघडला. मी खिडकीकडे सरकलो, माना वर. मी फळ्याकडे, माना खाली. पुढे मागे, पुढे मागे. दहावीची मुलं आधी खुसखुसली, मग बाकांवर उभी राहिली. कट्ट्यावर चढण्याचा प्रसंग मी जरा वाढवून केला. मोठ्या बाईंनी डोळे पुसले. हसून, असं समजतो.

मग एका वडलांनी हात वर केला. "सर, खरं सांगा, तुम्हाला फसवल्यासारखं नाही वाटलं?"

वकीलीणबाई खाली बघत होती. मी ठरवून काही आणलं नव्हतं.

मी म्हणालो, "वाटलं. दोन दिवस जेवलो नाही. पण मग ही मुलं समोर आली. इतकी वर्षं मुलं मला गणितं विचारत आली आहेत. सर, तुम्हाला चालेल का, असं पहिल्यांदा यांनी विचारलं. या विषयात ते विचारायला शिकवतात. मला हा विषय येत नाही, मी धडाभर पुढे वाचून वर्गात जातो. ज्यांना येतो त्या बाई रजेवर आहेत, नक्की तारीख मला माहीत नाही. लवकरच येतील. तुम्ही नावं दिलीत तर."

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. सुटलं तोंडातून.

पहिलं नाव एका मुलीने दिलं, तिच्या आईने मागून दंड ओढला तरी. मग दोघं आले. मग रांग लागली. हिशेबाच्या सरांनी त्यांच्या खुर्च्या आमच्याकडे सरकवल्या, आणि चेहरा असा केला जसं काही ते दानच करतायत. कागद संपला, जांभईने पळत जाऊन दुसरा आणला. मोठ्या बाईंनी रांग शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाल्या, "सर, विषय राहतोय. बाईंना तुम्हीच कळवा."

घरी न जाता तिथल्याच जिन्यात बसून फोन लावला. मी सांगितलं.

मग त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही माझी जागा राखून ठेवलीत."

"मुलांनी ठेवली," मी म्हटलं. "मी नुसता उभा होतो."

त्या हसल्या, रडल्या, दोन्ही एकदम. मग मी त्यांना चिमट्यांचं सांगायला लागलो, कांद्याचंही सांगितलं. तेवढ्यात मागे बाळ जागं झालं आणि त्यांना फोन ठेवावा लागला. नाहीतर माझं अजून बरंच सांगायचं राहिलं होतं.